माळ्यावरची ट्रंक अन् जांभळ्या शाईची वही

प्रश्न : ताई नमस्कार, आमचे आजोबा इथं सोलापुरात एका गिरणीमालकाकडं हेडक्लार्क होते. मालकांना चित्रं जमवायचा लई नाद. पुढं गिरणी बंद पडली, बंगला विकला गेला, अन् एक ट्रंक आमच्या माळ्यावर राहिली ती राहिलीच. आता उघडली तर निम्मी पत्रं सुताच्या भावाची, निम्मी चित्रांच्या सौद्याची, शिवाय एक जाडजूड वही, पानं कांद्याच्या सालीसारखी अन् अक्षरं जांभळी, फुटलेली. जुन्या वस्तू घेणारा एकजण म्हणतो चित्रांची पत्रं तेवढी द्या, बाकी रद्दीत घाला. आई म्हणते आधी गच्चीवर ऊन दाखव. काय करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी आईंना थांबवा! पापड नाहीत ते, ही जांभळी शाई उन्हात उडते अन् ओल्या फडक्यानं तर पसरतेच. सेलोटेप, लॅमिनेशन काही नको.

आता ती वही, ट्रंकेतला खरा माल तोच आहे. झेरॉक्स नव्हतं तेव्हा पत्र खास शाईत लिहायचे, वहीचं पातळ पान किंचित ओलं करून त्यावर ठेवायचे अन् लोखंडी प्रेसचा स्क्रू आवळायचे, की शाई पानात उतरायची. अक्षरं पाठीमागून उलटी उमटायची, पण पान इतकं पातळ की पुढून सुलटी वाचता येतात. ही युक्ती वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटची, पेटंट १७८० चं. म्हणजे ट्रंकेतली सुटी पत्रं मालकांना आलेली, अन् त्यांनी स्वतः काय लिहिलं ते या वहीत.

दोन्ही असले की काय होतं त्याचं उदाहरण सांगते. अमेरिकेत डेट्रॉइटला चार्ल्स फ्रीअर होता, रेल्वेचे डबे बनवून गब्बर झालेला, व्हिसलर या चित्रकाराचा मोठा गिऱ्हाईक अन् दोस्तही. १९०४ मध्ये तर या पठ्ठ्यानं व्हिसलरनं रंगवलेली लंडनची अख्खी जेवणाची खोलीच विकत घेऊन घरी नेली. त्याचा संग्रह वॉशिंग्टनला १९२३ मध्ये लोकांना खुला झाला, तो वारला त्यानंतर ४ वर्षांनी. त्याच्या कागदांत व्हिसलरची पत्रं आहेत अन् अशाच नकलांच्या वह्यापण, म्हणून तर दोन्ही बाजू कळतात.

त्यामुळं त्या जुन्या वस्तू घेणाऱ्याला नाही म्हणा. सुताचा भाव पडला त्याच महिन्यात मालकांनी चित्र विकलं का घेतलं, हे दोन्ही पत्रं शेजारी असली तरच कळणार ना? आहे त्याच क्रमानं ठेवा, मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक नंबर टाका, मोबाईलवर फोटो काढा, अन् ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या कागदाच्या फोल्डरात घाला. पिना गंजल्या असतील तर ओढू नका, हळूच सोडवा.

एक जरा नाजूक गोष्ट. ट्रंक तुमच्या माळ्यावर असली तरी कागद मालकांचे, वारस सापडले तर विचारून घ्या. शिवाय पत्रातल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो, ज्याच्याकडं कागद आहे त्याचा नाही, तेव्हा छापायची घाई नको.

असल्या वहीत बऱ्याचदा सुरुवातीलाच नावांची अनुक्रमणिका असते, आजोबांच्याच हातची असेल कदाचित. ती आधी बघा की.