बेरेनिकेमधला 'बेरे' कुठून आला?

प्रश्न असा होता की नाइकी म्हणजे ग्रीकमधे विजय, मग बेरेनिके या नावातल्या 'बेरे'चं काय, आणि व्हेरॉनिका हे तेच नाव का?

तर मूळ ग्रीक नाव फेरेनिके. फेरो म्हणजे वाहून आणणे, निके म्हणजे विजय, एकूण विजय आणणारी. बेरेनिके हे त्याचं मॅसेडोनियन, म्हणजे ग्रीसच्या उत्तरेकडच्या अलेक्झांडरच्या मुलखातलं रूप, कारण बाकीचे ग्रीक जिथे फ म्हणायचे तिथे ते लोक ब म्हणायचे, फिलिपचं सुद्धा बिलिपोस करायचे. आणि गंमत म्हणजे हा फेरो आपल्या संस्कृत भृ-भरति चा सख्खा भाऊ, म्हणजे आपला भार आणि तिकडचा बेरे एकाच मुळातले.

आता मॅसेडोनियन उच्चार जगभर का गेला, तर अलेक्झांडरनंतर इजिप्तवर राज्य केलं ते टॉलेमी घराणं मॅसेडोनियन आणि त्यांच्यात बेरेनिके नावाच्या राण्याच राण्या. सगळ्यात फेमस तिसऱ्या टॉलेमीची बायको, नवरा सीरियाच्या लढाईवर गेला तेव्हा तो सुखरूप यावा म्हणून तिने केस कापून देवळात वाहिले, ते तिथून गायब झाले, तर कोनोन नावाच्या दरबारी ज्योतिर्विदाने सांगितलं की ते आकाशात गेलेत, बघा सिंहाच्या शेपटीजवळ! (नोकरी वाचवायची कला म्हणा.) तो तारकासमूह अजून तिच्याच नावाने आहे, मराठीत मात्र आपण त्याला अरुंधती केश म्हणतो, म्हणजे केस ठेवले आणि बाई बदलली.

याच घराण्यातल्या आधीच्या एका बेरेनिकेच्या नावाने तिच्या मुलाने, दुसऱ्या टॉलेमीने, तांबड्या समुद्रावर बंदर वसवलं. पुढे रोमन काळात तिथे भारतातून माल उतरायचा, उत्खननात साडेसात किलो काळी मिरी भरलेला रांजण सापडलाय.

व्हेरॉनिका? हो, तेच नाव, लॅटिनमधून आलेलं. 'वेरा इकोन' म्हणजे खरी प्रतिमा ही व्युत्पत्ती सगळीकडे फिरते, पण ती मागाहून जुळवलेली, व्हेरॉनिका नावाच्या बाईने येशूचा चेहरा रुमालाने पुसला आणि रुमालावर त्याची प्रतिमा उमटली, त्या कथेमुळे चिकटलेली. गोव्यात, वसईत व्हेरॉनिका नावाच्या बायका भेटतात त्यांचं नाव या हिशेबाने मॅसेडोनियन निघतं.

मराठीत लिहायचं तर माझं मत बेरेनिके. इंग्रजी बर्निस वाचून निके कुणाला दिसणार? आजचे ग्रीक तर वेरेनीकी म्हणतात, त्यांच्याकडे ब चा व झालाय.