पाला द्यायचा तरी किती?

प्रश्न: ताई, आमचं गाव निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठाला आहे, ऊस, सोयाबीन, थोडा जोंधळा. पेलेट, म्हणजे पाला दाबून जळणाच्या कांड्या करणाऱ्या एका कारखान्याचा माणूस येऊन गेला, म्हणाला एकरी 4 टन उसाचा पाला धरा, 300 एकराचे 1200 टन होतात, 5 वर्षांचा करार करूया. दरवर्षी एवढा निघेल का? आणि सगळा दिला तर रानाचं काय?

उत्तर: दादा, सही करायच्या आधी विचारलंत ते लई बरं केलंत. एकरी 3 ते 4 टन वाळला पाला निघतो हे खरंय, पण निघतो तेवढा सगळा विकायला शिल्लक असतो असं नव्हे. आधी एक गुंठा मोजा. तोडणी झाली की तेवढ्यातला पाला गोळा करून काट्यावर घाला, त्यातलाच 1 किलो चार दिवस कडक उन्हात वाळवा, 700 ग्रॅम भरला तर 300 ग्रॅम नुसतं पाणी होतं, त्याच प्रमाणात गुंठ्याच्या सगळ्या वजनातनं पाणी वजा करून 40 नं गुणा म्हणजे एकराचा आकडा येतो. लावण, म्हणजे नवा लावलेला ऊस, आणि खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातनं परत फुटलेला, वेगवेगळा मोजा.

आता रानाचं. 4 टन पाल्यात साधारण 20 किलो नत्र असतं, म्हणजे युरियाचं जवळजवळ एक पोतं, वर पालाश (पोटॅश) वेगळं. पेटवला की नत्र धुरातनं जातं, कुजवला तर हळूहळू रानाला मिळतं. म्हणून माझं स्पष्ट मत, ज्या रानात खोडवा राखणार तिथला पाला एक काडीसुद्धा देऊ नका, सरीत आच्छादन राहू दे, ओल टिकते आणि तणही दबतं. खोडवा मोडणार तिथं नांगरटीला अडचण म्हणून आपण काडी लावतोच की, तो पाला द्या, पण तोही अर्धाच.

वाडं (उसाचे हिरवे शेंडे), कडबा, सोयाबीनचं भुसकट करारात घालूच नका. एका म्हशीला रोज 5-6 किलो वाळली वैरण म्हटलं तरी वर्षाला 2 टन लागते.

आणि आकडा चांगल्या सालाचा लिहू नका. ऑगस्ट 2019 चा महापूर आठवा, 2023 चा दुष्काळ आठवा, त्या साली गावातनं किती निघाला असता तेवढाच करारात बांधा, जास्तीचा देणं तुमच्या मर्जीवर. ओल आणि मातीची कपात कशी धरणार, गठ्ठे बांधायचं मशीन नि वाहतूक कोणाची, हेही कागदावर घ्या, पाला हलका असतो, ट्रॉली भरते पण वजन भरत नाही.

गुंठ्याचे आकडे आले की कळवा, तुमच्या 300 एकराचा हिशेब आपण मिळून मांडू.