वादळ बंगालच्या उपसागरात, पूर मांजरेला

प्रश्न : सप्टेंबर 2021 मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले आणि दोन दिवसांत मांजरेला पूर येऊन आमचे काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. भर समुद्रातल्या वाऱ्याचा वेग सांगता येतो, तर आमच्या तालुक्यातला पाऊस का सांगता येत नाही? (एक शेतकरी वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : तो वेग बहुधा मोजलेला नसतो, ताडलेला असतो. अटलांटिकमध्ये वादळात विमाने पाठवतात. आपल्या हवामान विभागाची मुख्य भिस्त इन्सॅट उपग्रहांच्या चित्रांवर आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ व्हर्नन ड्व्होरॅक यांनी 1970च्या दशकात बसवलेल्या पद्धतीप्रमाणे ढगांची गुंडाळी किती घट्ट आहे हे पाहून वादळाला 1 ते 8 पर्यंतचा अंक देतात आणि त्यावरून वारा काढतात. वादळाच्या केंद्रात डोळा, म्हणजे ढग नसलेला गोल भाग, तयार झाला असेल, तर डोळ्यातील हवा जितकी उबदार आणि भोवतालचे ढगमाथे जितके थंड, तितके वादळ जोरकस धरले जाते. समुद्रातील तरंगते बोये आणि किनाऱ्याजवळ आल्यावर डॉप्लर रडार (पाऊस आणि वाऱ्याचा वेग टिपणारे रडार) या अनुमानाची पडताळणी करतात. वारा 34 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 63 किलोमीटर झाला, की वादळाला नाव मिळते. ‘गुलाब’ हे नाव पाकिस्तानने सुचवलेले होते.

वादळाचा मार्ग संगणकीय प्रारूपे सांगतात. आरंभीच्या नोंदी किंचित बदलून तीच प्रारूपे पुन्हा पुन्हा चालवतात, आणि पुढच्या दिवसांत अंदाज चुकण्याची शक्यता वाढत जाते, म्हणून नकाशावर रुंदावत जाणारा पट्टा दिसतो. तो पट्टा केवळ केंद्र कुठे जाईल एवढेच सांगतो. पाऊस त्याच्या बाहेरही पडतो, आणि माझ्या मते वाचकांची सर्वाधिक फसगत इथेच होते.

जमिनीवर आल्यावर समुद्राची वाफ तुटून वारा मंदावतो, बातमीतून नावही जाते, पण कमी दाबाचे क्षेत्र ओलावा ओढत राहते. ‘गुलाब’चे अवशेष तेलंगण, मराठवाडा व गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले, तिथे ‘शाहीन’ झाले आणि 3 ऑक्टोबरला ओमानवर धडकले. किनाऱ्याच्या इशाऱ्यात वीस-तीस किलोमीटरची चूक खपून जाते, मात्र तेवढ्याच अंतराने एका तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस आणि शेजारच्या तालुक्यात नुसती भुरभुर असू शकते. म्हणून वादळ विरल्याची बातमी आली तरी मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा पुढचे दोन-तीन दिवस पाहावा, आणि तो नारिंगी किंवा लाल असेल तर कापलेल्या सोयाबीनची गंजी उंचावर लावून झाकून ठेवावी.