फाट्यावरून ‘आत’, एक्झिटवरून ‘बाहेर’

प्रश्न असा आहे: शिकागोला पहिल्यांदा येणाऱ्या नातेवाइकांसाठी आय-२९० (यातला ‘आय’ म्हणजे ‘इंटरस्टेट’) या रस्त्याची माहिती मराठीत लिहायची आहे. पाट्यांवरच्या ‘एक्झिट’ला काय म्हणावं? निर्गम, निकास, की सरळ फाटा? आणि ‘इंटरस्टेट’ म्हणजे आंतरराज्य की अंतरराज्य?

‘निकास’ हिंदी पाट्यांवरचा शब्द आहे, मराठी बोलण्यात तो रुळलेला नाही. ‘निर्गम’ मराठी आहे, पण आपल्याकडे निर्गमित होतो तो शासन निर्णय, मोटार नव्हे. राहिला फाटा. हा शब्द उत्तम आहे, आणि तरीही इथे जसाच्या तसा बसत नाही. का बसत नाही, तेच खरं पाहण्यासारखं आहे.

फाटा म्हणजे मोठ्या रस्त्याला दुसरा रस्ता फुटतो ती जागा. त्याला नाव मिळतं ते बहुधा फुटलेला रस्ता जिथे जातो त्या गावाचं. देहू फाटा आळंदीत आहे, देहूत नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर कार्ला फाटा लागला म्हणजे कार्ल्याची लेणी आली असं कोणी समजत नाही. अजून जायचं आहे, हे त्या नावातच आहे. अमेरिकेतल्या एक्झिटचं नावही असंच, ती जिथे पोचवते त्या रस्त्याचं किंवा गावाचं असतं. इथपर्यंत दोन्ही शब्द हातात हात घालून चालतात.

फरक पडतो तो क्रियापदाशी. आपण म्हणतो, ‘फाट्यावरून आत तीन किलोमीटर’. घर ‘हायवेपासून आत’ असतं. म्हणजे मराठीच्या नजरेला गाव हे आत आणि हमरस्ता बाहेर. इंग्रजीत एक्झिट म्हणजे बाहेर पडणं. तिथे रस्ताच आत आहे आणि गाव बाहेर. एकच वळण, पण उभं राहण्याची जागा बदलली. ‘एक्झिट’चं भाषांतर अडतं ते इथे. शब्द सापडत नाही ही अडचण नाही, दिशा उलटी आहे ही आहे.

मग मराठीत ‘बाहेर पडा’ म्हणूच नये का? म्हणावं, पण रस्ता बघून. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला कुंपण आहे, ठरावीक ठिकाणीच शिरता येतं आणि ठरावीक ठिकाणीच निघता येतं. त्यामुळे तिथे आपणही ‘एक्सप्रेसवेवरून खोपोलीला बाहेर पडलो’ असंच म्हणतो. त्याच खोपोलीला जुन्या रस्त्याने गेलो तर ‘बाहेर पडलो’ म्हणत नाही. रस्ता बंदिस्त झाला की मराठीचं आत-बाहेरही उलटतं.

आय-२९० पुरता बंदिस्त आहे. या रस्त्याच्या शहराकडच्या भागाचं नाव आयझेनहॉवर एक्सप्रेसवे, बोलताना नुसतं ‘आइक’. मूळ नाव काँग्रेस एक्सप्रेसवे. १९५५ साली पहिले तुकडे वाहतुकीला खुले झाले, १९६० पर्यंत तो शहराच्या मध्यापर्यंत पोचला आणि १९६४ मध्ये त्याला माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं नाव दिलं गेलं. शहराच्या पश्चिमेला बरंच अंतर तो जमिनीच्या पातळीखाली, चरातून जातो. आडवे रस्ते डोक्यावरच्या पुलांवरून जातात. अशा रस्त्यावर तुम्ही अक्षरशः आत असता. या चरासाठी हजारो लोकांची घरं गेली, हे ‘आत’चं दुसरं अंग.

यातून एक बारकावा निघतो. मुंबईत आपण पुलावरून ‘उतरतो’, म्हणून रॅम्पला पटकन ‘उतार’ लिहिलं जातं. आयझेनहॉवरच्या खोल भागात बाहेर पडायचं तर चढावं लागतं. माहितीपत्रकात ‘उतारावरून खाली या’ लिहिलंत तर वाचणारा उतार शोधत पुढे निघून जाईल. ‘चढावरून वर या’ असं लिहा, नाहीतर सरळ ‘रॅम्प’ म्हणा.

मुख्य रस्ता आणि रॅम्प वेगळे होतात तिथल्या त्रिकोणी जागेला मराठीत ‘बेचकं’ हा तयार शब्द आहे, झाडाच्या फांदीला असतं तेच. बाणाची आणि ‘एक्झिट’ लिहिलेली शेवटची छोटी पाटी या बेचक्यात असते. ती दिसली म्हणजे निर्णयाची वेळ संपली. तिथे पट्टे ओलांडून आडवं घुसायचं नाही. पुढच्या एक्झिटला बाहेर पडून मागे यायचं.

आता सगळ्यात घोळाची गोष्ट: ‘लेफ्ट एक्झिट’. शिकागोहून पश्चिमेला जाताना आधी ऑस्टिन बुलेव्हार्ड (२३ए) आणि मग हार्लेम ॲव्हेन्यू (२१बी) या दोन एक्झिट डाव्या हाताला आहेत. मराठी वाचकाला यात काहीच वावगं वाटणार नाही, कारण आपण डावीकडून गाडी चालवतो आणि बाहेर पडायचं ते डावीकडेच. अमेरिकेत वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे बाहेर पडायची बाजू उजवी आणि डावीकडची मार्गिका वेगाने पुढे जाणाऱ्यांची. म्हणजे या दोन ठिकाणी भरधाव मार्गिकेतूनच वेग कमी करत बाहेर पडायचं, आणि नव्याने शिरणारी गाडीही त्याच मार्गिकेत येऊन मिसळते. ‘डावीकडची एक्झिट’ हे शब्दशः बरोबर आहे, पण त्यातली धोक्याची सूचना मराठीत पोचतच नाही. म्हणून हात सांगण्याबरोबर जागाही सांगा: ‘दुभाजकाच्या बाजूची एक्झिट’. दुभाजकाच्या बाजूने बाहेर पडायचं हे पुण्याच्या माणसालाही विचित्र वाटेल, आणि तसं ते वाटायलाच हवं.

हे असं झालं ते ओक पार्कमुळे. ऑस्टिन आणि हार्लेमच्या मधे हे गाव आहे. तिथे रस्त्यासाठी जागा कमी घ्यायची होती, म्हणून रॅम्प दोन्ही बाजूंना पसरवण्याऐवजी मधूनच वर काढून पुलांना जोडले. मार्गिकाही तिथे कमी आहेत. शहरातून येणाऱ्या चार मार्गिकांच्या ऑस्टिनजवळ तीन होतात, आणि गर्दीच्या वेळी रांग तिथूनच मागे लागते.

एक्झिट कुठल्या हाताला आहे हे पाटीच सांगते, फक्त बघायचं कुठे ते माहीत हवं. हिरव्या मोठ्या पाटीच्या डोक्यावर क्रमांकाची छोटी पट्टी असते. ती उजव्या कोपऱ्यावर असेल तर बाहेर पडायचं उजवीकडे, डाव्या कोपऱ्यावर असेल तर डावीकडे. पाट्यांच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेच्या २००९च्या आवृत्तीपासून डाव्या एक्झिटच्या पट्टीवर पिवळ्यावर काळ्या अक्षरांत ‘लेफ्ट’ लिहिण्याचा नियम आहे.

पिवळ्यावर काळं आणखी एका ठिकाणी दिसतं: ‘एक्झिट ओन्ली’. याचं ‘फक्त बाहेर जाण्यासाठी’ हे भाषांतर पाहायला मिळतं, आणि ते चूक आहे. नाट्यगृहाच्या दारावर ‘फक्त बाहेर जाण्यासाठी’ लिहिलं असेल तर अर्थ होतो, इथून आत येऊ नका. रस्त्यावरच्या पाटीचा अर्थ वेगळा: तुम्ही ज्या मार्गिकेत आहात ती पुढे मुख्य रस्त्याबरोबर जाणारच नाही, ती बाहेर जाऊन संपते. मराठीत हे काम ‘च’ करतो. ‘ही मार्गिका बाहेरच जाते.’ एका अक्षरात भागतं, तिथे ‘फक्त’ कशाला?

क्रमांकांबद्दल. एक्झिटचे आकडे एक, दोन, तीन असे ओळीने नाहीत, ते मैलांचे आहेत. मोजणी रस्त्याच्या वायव्य टोकापासून सुरू होते, म्हणून शहरातून निघालात की आकडे उतरत जातात. २३ नंतर एकदम २१ आला म्हणजे २२वी एक्झिट हुकली असं नाही. त्या मैलात एक्झिटच नाही. एका मैलात दोन आल्या तर ए, बी लागतात. आपल्याकडे द्रुतगती मार्गावरच्या अपघाताच्या बातमीत ‘किलोमीटर ३९ जवळ’ असं येतं ना, तसाच हा हिशेब. फक्त इथे तो आकडाच नावासारखा वापरतात. आणि ‘२१बी’चं ‘२१ब’ करू नका. अ, ब, क ही सुंदर सोय इमारतींसाठी ठेवा. गाडीतल्या माणसाला कागदावरचा उच्चार आणि पाटीवरचं अक्षर क्षणात जुळवायचं असतं.

‘इंटरस्टेट’कडे वळू. मराठीच्या रूढीत दोहोंच्या किंवा अनेकांच्या मधलं ते ‘आंतर’ (आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय) आणि आतलं ते ‘अंतर्’ (अंतर्गत, अंतर्मन). संस्कृत संधीच्या नियमाने अंतर् + राष्ट्रीय याचं अंताराष्ट्रीय होतं, पण मराठीने ते घेतलं नाही, आणि त्यात काही बिघडलेलं नाही. तेव्हा पर्याय दोनच असतील तर ‘आंतरराज्य’ बरोबर. ‘अंतरराज्य’ हे ना धड इकडचं, ना तिकडचं.

पण माझं मत, इथे आंतरराज्यही नको. आय-२९० सगळाच्या सगळा इलिनॉय राज्यात आहे; सुमारे ३० मैलांत तो राज्याची हद्द एकदाही ओलांडत नाही. हवाई बेटांवरही इंटरस्टेट आहेत, आणि तिथून शेजारच्या राज्यात जायला विमानच लागतं. १९५६ च्या कायद्याने जे जाळं बांधायला घेतलं त्या जाळ्याचं हे नाव आहे, एकेका रस्त्याचं वर्णन नव्हे. ‘आंतरराज्य महामार्ग’ वाचलं की मराठी वाचक सीमेवरचा तपासणी नाका डोळ्यांपुढे आणतो. ‘राष्ट्रीय महामार्ग’ म्हणावं तर वेगळीच पंचाईत होते. अमेरिकेत १९२६ पासूनची ‘यूएस’ क्रमांकांची रस्त्यांची जुनी व्यवस्था आहे. आय-२९० ला छेदणारा मॅनहाइम रोड हा त्यातलाच, यूएस-४५. त्याला मग काय म्हणणार? हार्लेम ॲव्हेन्यू तर राज्याचा रस्ता आहे, इलिनॉय-४३. तीन व्यवस्था, आणि पाट्यांवर क्रमांकाच्या तीन वेगळ्या ढाली. लाल-निळी ती ‘इंटरस्टेट’, आणि ती तशीच लिहावी.

‘एक्सप्रेसवे’ शब्दावरही एक टीप द्या. आपल्याला द्रुतगती मार्ग म्हटला की टोल आठवतो. शिकागोत नेमकं उलटं: ‘एक्सप्रेसवे’ बिनटोलाचा, टोलाचा तो ‘टोलवे’. आणि शहराच्या मध्यातून आय-२९० कडे वळवणाऱ्या पाटीवर गावाचं नाव नसतं, ‘वेस्ट सबर्ब्ज’ असं मोघम लिहिलेलं असतं. याचं ‘पश्चिम उपनगरे’ केलंत तर मुंबईकर वाचक थेट वांद्रे-दहिसरला पोचेल. ‘शिकागोच्या पश्चिमेची गावं’ म्हणा. ओक पार्क, फॉरेस्ट पार्क ही स्वतंत्र गावंच आहेत, शिकागो महापालिकेचे भाग नाहीत.

लिंगाचा प्रश्न विचारलेला नाही, पण लिहिताना येणारच. ‘एक्झिट चुकला’ आणि ‘एक्झिट चुकली’ दोन्ही ऐकू येतं. मराठीत हा शब्द रुळला आहे तो रंगभूमीवर, आणि तिथे तो स्त्रीलिंगी आहे: नट एन्ट्री घेतो, एक्झिट घेतो, दोन्ही ‘घेतली’. वर सगळीकडे म्हणूनच स्त्रीलिंग वापरलं आहे. मात्र वर्तमानपत्रांनी याच शब्दाला मृत्युलेखांत बसवलं आहे. कलावंत गेला की ‘अकाली एक्झिट’ हा मथळा ठरलेला. तेव्हा ज्येष्ठ नातेवाइकांच्या माहितीपत्रकावर ‘तुमची एक्झिट’ असं ठळक शीर्षक तेवढं टाळा. ‘बाहेर कुठे पडायचं’ हे पुरे.

हार्लेमचा मजकूर असा लिहिता येईल: ‘शिकागोहून पश्चिमेला जाताना आधी ऑस्टिनची एक्झिट २३ए लागते, ती सोडा. नंतरची हार्लेम ॲव्हेन्यूची एक्झिट २१बी दुभाजकाच्या बाजूला, डाव्या हाताला आहे. ऑस्टिन मागे पडलं की सावकाश डावीकडच्या मार्गिकेत या. रॅम्प वर चढतो आणि पुलावर सिग्नल लागतो.’