मॅपल सिरप म्हणजे आपली काकवीच का? आणि ते एवढं महाग का असतं? रस काढताना झाडाला इजा होते का?

दिसायला काकवीच, आणि करायची रीतही तीच, रस आटवायचा. फरक आहे तो रसात, आणि महागाईचं कारणही तिथंच आहे.

मी कोल्हापूरकडचा, गुऱ्हाळं बघत वाढलो. कॅनडात ओंटारियोला आल्यावर पहिल्याच मार्चमध्ये एका शेतकऱ्याच्या मॅपलच्या रानात गेलो होतो. झाडांच्या खोडाला छिद्रं पाडून बादल्या टांगलेल्या, त्यांत टिपटिप रस पडत होता. त्यानं पेला भरून दिला. मी उसाच्या रसाच्या आशेनं तोंडाला लावला, तर नुसतं गार पाणी! घोट गिळल्यावर कुठं जिभेला जराशी गोडी लागली. उसाच्या रसात शेकडा १५ ते २० साखर असते, शुगर मॅपल या जातीच्या झाडाच्या रसात जेमतेम २. इथले लोक साधा हिशेब करतात: ८६ला रसातल्या साखरेच्या टक्क्यानं भागायचं. २ टक्के असेल तर एक लिटर सिरपला ४३ लिटर रस. बाकी सगळं पाणी, ते उडवायला जळण जाळायचं. एका छिद्रातून अख्ख्या मोसमात साधारण लिटरभर सिरपपुरताच रस मिळतो. मोठे उत्पादक आता आधी आरओ लावतात; आपल्या घरातलाच, पण उलटा. गाळलेलं पाणी टाकून द्यायचं आणि मागं राहिलेला दाट रस ठेवायचा.

मला सगळ्यात नवल वाटलं ते रस येण्याचं. उन्हाळ्यात पानांनी केलेली साखर झाड स्टार्च करून साठवतं आणि थंडीत तिची पुन्हा साखर होते. पण ती बाहेर यायला रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा वर जायला हवा. मॅपलच्या लाकडातल्या बऱ्याच तंतूंमध्ये पाण्याऐवजी हवा असते. रात्री ती हवा आकसते, आत बर्फ धरतो आणि झाड मुळांकडून पाणी ओढून घेतं. दिवसा बर्फ वितळतो, दबलेली हवा फुगते आणि रस छिद्रातून बाहेर ढकलला जातो. असे दिवस फेब्रुवारीअखेर ते एप्रिल एवढेच. कळ्या फुगू लागल्या की रसाला वाईट चव येते आणि मोसम संपतो. आपल्याकडे महाराष्ट्रात झाड लावून जगवलं तरी ही गोठण-वितळण कुठून आणणार?

आटवणं मात्र पाहताना घरी आल्यासारखं वाटलं. रस उकळून पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा ४ अंश वर, म्हणजे सुमारे १०४ अंशांवर गेला की सिरप झालं. थर्मामीटर होता, तरी त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पळी उचलून तिरपी धरली. थेंब थेंब न पडता कडेवरून पातळ पडदा सुटला, तेव्हाच त्यानं हात वर केला. आमचा गुळव्या काहिलीजवळ असाच डोळ्यांनी पाक ओळखायचा. रंग आणि तो खास वासही या उकळण्यातच तयार होतो, कच्च्या रसात तो नसतो.

झाडाला इजा होते का, असंही तुम्ही विचारलंय. छिद्र बोटापेक्षा बारीक, साधारण ५ सेंटिमीटर खोल. पुरेसं जाड खोड असेल तरच पाडतात. ते पुढं भरून येतं, दरवर्षी नवी जागा धरतात.

विकत घेताना मागची चिठ्ठी वाचा. घटकांत फक्त मॅपल सिरप असावं. 'पॅनकेक सिरप' म्हणजे बहुधा मॅपलचा नुसता वास घातलेला मक्याचा पाक असतो. गडद रंगाचं मिळालं तर तेच घ्या. मोसमाच्या शेवटी होतं, चव दणकट असते. मी घावनावर तेच घेतो.