दिवस माझा राहिलाच नाही

प्रश्न : ताई, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. लेकरू 8 महिन्यांचं. आधी मी कपडे शिवायची, कापूस वेचायला जायची. आता मशीनवर धूळ बसली. यांनी लेकराचे लंगोट धुतले तर लोक हसतात, म्हणून ते मागच्या दारी धुतात. सासूबाई म्हणतात, आम्ही नाही का पाच वाढवली?

उत्तर : जावईबापूंना पुढच्या अंगणातच धुऊ दे, दोरीही तिथंच बांध. बापानं लेकराचं करण्यात लाज कसली? मला तर त्यांचं फार कौतुक वाटलं.

सासूबाईंनी पाच वाढवली हे खरंच. पण तेव्हा घरात जावा होत्या, नणंदा होत्या. आता तुम्ही दोघीच. पहिले 6 महिने बाळ फक्त तुझ्या दुधावर, तेव्हा इलाज नव्हता. आता घट्ट वरणात कुस्करलेला भात, वर तुपाची धार, हे कुणीही भरवू शकतं. वावरातून आल्यावर हातपाय धुऊन लेकरू जावईबापूंनी घ्यावं, तू मशीनवर बस. अंगणवाडीचा घरपोच आहारही त्यांनीच आणावा.

मात्र लेकरू झोपलं तरी तुला झोप नाही, उगाच रडू येतं, असं असेल तर अंगावर काढू नकोस. आशाताईला सांग, किंवा टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 वर फोन कर. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.