वही भिरकावली जाते त्याच्या आधी

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा असून चौथीत शिकतो. संध्याकाळी गृहपाठाला बसवले की रोज महाभारत घडते. वही भिरकावतो, दप्तर लाथाडतो, मध्ये आलेल्या धाकट्या बहिणीलाही मारतो. रागावून झाले, मोबाइल काढून घेऊन झाला, तक्त्यावर चांदण्या चिकटवून बक्षिसे देऊन झाली. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. सासरे म्हणतात, लाडावून ठेवला आहे. यजमान दोन धपाटे घालतात. तासाभराने मात्र हाच मुलगा माझ्या कुशीत येऊन रडतो. आमचे काय चुकते आहे?
— एक आई, सातारा

उत्तर : आपल्या पत्रातील ते कुशीत येऊन रडणे मी पुन्हा पुन्हा वाचले. केवळ आपल्याला छळण्यासाठी हे सारे करणाऱ्या मुलाला तासाभराने असे रडू कोसळण्याचे कारण नाही. रॉस ग्रीन या अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञांनी अशा मुलांबरोबर काम करताना एक गृहीतक कायम धरले : नीट वागणे जमत असते, तर मूल नीट वागले असते. खेळातून उठून अभ्यासाकडे वळणे, मनासारखे न झालेले सोसणे, आपल्याला काय होते आहे ते शब्दांत सांगणे, यांपैकी काहीतरी अजून अंगवळणी पडलेले नसते आणि नेमके तेच मागणारा प्रसंग आला की भडका उडतो. चांदणीने उत्साह वाढेल. पण जे जमतच नाही, ते तिने कसे जमणार?

भडका रोज ठरल्या वेळी उडतो, ही खरे तर आपल्या हातातील मोठी सोय आहे, कारण त्यावर आधी बोलून ठेवता येते. प्रत्यक्ष भडक्याच्या वेळी काहीही समजावू नका. बहिणीला दुसऱ्या खोलीत न्या आणि त्याला शांत होऊ द्या. बोलणे करायचे ते रविवारी सकाळी, पोहे खाऊन झाल्यावर, दोघांनीच. त्याआधी एक काम आहे. ‘हट्टी आहे’ किंवा ‘वही फेकतो’ असे न म्हणता नेमके काय अडते ते कागदावर लिहा. गणिताला बसतो आणि निबंधाला बसत नाही, असे दिसले तर ‘निबंध लिहायला बसणे अवघड जाते’ एवढेच लिहा. अडचणी दहा निघाल्या, तर दोन घ्या; बाकीच्या, म्हणजे अंथरुणाची घडी घालणे वगैरे, सध्या खुशाल सोडून द्या. त्याने धाक कमी होत नाही.

मग त्याला विचारा : “गणितं तू करतोस, पण निबंधाला बसणं तुला जड जातं असं मला दिसतं. काय होतं रे?” बहुतेक वेळा उत्तर येईल, “माहीत नाही.” इथेच आपण मोठी माणसे घाई करतो. थांबा. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने बराच वेळ चटईच्या काड्या उपसल्या आणि मग म्हणाला, “बोटं दुखतात. आणि खाडाखोड झाली की सगळं पान परत लिहायला लागतं.” त्याच्या आईला दोन वर्षांत हे ठाऊक नव्हते. तिने फक्त “अजून काय होतं?” एवढेच विचारले आणि तो बोलत राहिला.

त्याचे सांगून संपले की मग आपली काळजी सांगावी. काळजी सांगावी, हुकूम नव्हे : “तुला मनातलं लिहून सांगता यावं असं मला वाटतं, आणि भांडणात छोटीला लागतं याची भीती वाटते.” त्यानंतर दोघांचेही साधेल असा मार्ग आधी त्यालाच सुचवू द्या. त्या मुलाने सुचवले की त्याने तोंडी सांगावे, आईने कच्चे उतरवावे आणि त्याने रोज पाचच ओळी पक्क्या वहीत लिहाव्यात. शाळेतील बाईंनीही ते मान्य केले. आठवडाभराने पाच ओळीही जड झाल्या, तेव्हा ती दोघे पुन्हा बोलायला बसली. पहिला तोडगा टिकतोच असे नाही.

आपला तक्ता व्यर्थ होता, असे मी म्हणणार नाही. सतत विरोध करणाऱ्या 7 ते 14 वयोगटातील 134 मुलांचा एक अभ्यास अमेरिकेत 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बक्षीस-शिस्तीचे पालक-प्रशिक्षण आणि ग्रीन यांची ही संवादाची पद्धत, दोन्ही जवळपास सारख्याच उपयोगी ठरल्या. मी आपल्याला दुसरी सुचवते आहे, कारण पहिली आपण करून पाहिली आहे आणि बोटे दुखत असतील तर ते कोणताही तक्ता सांगणार नाही.

यजमानांना मात्र माझी कळकळीची विनंती कळवा : धपाटे आजच थांबवावेत. राग आला की हात उगारायचा, हेच तो घरात पाहतो आणि बहिणीवर करतो. सासऱ्यांशी वाद घालू नका; नातवाने आजोबांना निबंध तोंडी सांगावा, आजोबांनी तो लिहून घ्यावा, असे करून पाहा.

आणि अक्षर, वेग, ओळी सोडणे यांत त्याच्या वर्गातील मुलांहून फार फरक दिसत असेल, तर बालविकासतज्ज्ञांकडून लेखन-अक्षमतेची तपासणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे लेखन-वाचनातील अशा अडचणींचा, समावेश आहे आणि त्याचे प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत सवलती मिळतात. ही तपासणी वार्षिक परीक्षेपर्यंत लांबवू नका.